गुलाबी पाणी येईपर्यंत

पुण्यात डिसेंबरमध्ये पारा जरा खाली आला की शेजारच्या काकू कानटोपी घालून जिन्यात उभ्या राहतात आणि “काय कडाका आहे हो यंदा!” म्हणतात. मी मान डोलावते आणि घरात येऊन आधी नळ बघते. पाइपात पाणी अडकून तर राहिलं नाही ना, गच्चीवरची तोटी अर्धी उघडी ठेवावी का, असलं काहीतरी मनात येतं. पुण्यात नळ गोठत नाहीत हे मला ठाऊक आहे, रसायनशास्त्र शिकवते मी. पण शंका शास्त्राला विचारून येत नाही. ही शंका मला २०१० च्या हिवाळ्यात जडली, आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डला, आणि तिच्या मुळाशी होती एक मासेमारीची बोट.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर दिली तर मेथी शिळी असणार, असं मला वाटतं. माझी आई म्हणायची, “हिला देव प्रसन्न झाला तर ही त्याच्याकडे ओळखपत्र मागेल.” संशय हा काही फार चांगला गुण नाही, पण त्यानं माझं नुकसानही फारसं झालेलं नाही. मेथी बहुतेक वेळा शिळीच निघते.

मिलिंद, माझा नवरा, भूलतज्ज्ञ आहे. वॉटरफोर्डच्या मोठ्या इस्पितळात त्याला नोकरी लागली तेव्हा मी पुण्यातल्या एका कॉलेजात नुकतीच कायम झाले होते. ते ‘कायम’ होणं म्हणजे काय असतं, हे ज्यानं दर जूनला नव्यानं मुलाखत दिलीय त्यालाच कळेल. तरी मी गेले. तीन वर्षांची बिनपगारी रजा मिळाली. तीन वर्षं तो अनुभव घेईल आणि मग दोघं मिळून परत, असं ठरलं. “शब्द,” असं मिलिंद म्हणाला होता आणि मी तो शब्द सोन्याच्या दागिन्यासारखा जपून ठेवला होता. २०११ च्या जूनमध्ये रुजू झाले नाही तर राजीनामा, असं कॉलेजनं स्पष्ट सांगितलं होतं. तोवर मी वॉटरफोर्डमधल्या एका औषधाच्या दुकानात अर्धा दिवस खोकल्याच्या गोळ्या विकत होते. आम्लं आणि अल्कली शिकवणारी बाई ‘दिवसातून तीनदा, जेवणानंतर’ एवढंच दिवसभर बोलत होती. लोक प्रेमळ होते, दुकान ऊबदार होतं, आणि मला रोज दुपारी रडू यायचं.

तर अशा वेळी, सप्टेंबरात, नोरीन आली. मिलिंद फोनवर कुणाला तरी म्हणत होता, “नोरीनला शनिवारी बघायला येतो.” मी भाजी चिरत होते ती थांबले. नंतर कळलं की नोरीन ही बोट आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंटच्या ट्रॉल्या नेणारा डेक्लन आणि मिलिंद, दोघांनी मिळून ती घेतली होती. छोटीशीच, पांढरी, कडेनं निळी पट्टी, पुढं बुटकी केबिन, केबिनमध्ये एक वाडग्याएवढं सिंक, हातपंपाचा नळ, आणि पडद्यामागे बसायला कसंबसं जमेल असं शौचालय. जवळच्या डनमोर बंदराच्या धक्क्यावरून दोघं शनिवारी बांगडे पकडायला जाणार होते. खरं सांगते, नोरीन बाई असती तर मला एवढा घोर लागला नसता. बाईशी भांडता येतं. पण जूनमध्ये देश सोडून जाणारा माणूस सप्टेंबरात बोट कशाला घेतो, या प्रश्नाशी कसं भांडायचं?

“अगं, स्वस्तात मिळाली. मतलब, अर्धीच तर आहे आपली,” मिलिंद म्हणाला.

“आणि जूनमध्ये?”

“जूनचं जूनमध्ये बघू ना. इट्स ग्रँड.”

हे ‘ग्रँड’ मी ऐकून होते. तिकडे सगळंच ग्रँड असतं, पाऊस, चहा, मोडलेला हात. पण मिलिंदच्या तोंडी ते कधी आलं? मी मागं जाऊन आठवायला लागले, आणि मग एकेक पुरावा दिसायला लागला. परवा त्यानं कपाटाला ‘प्रेस’ म्हटलं होतं, तिकडची माणसं म्हणतात तसं. “साखर प्रेसमध्ये आहे,” असं सहज, लहानपणापासून म्हणत असल्यासारखं. रस्त्यानं जाताना अनोळखी माणसाला हाताचं एक बोट उचलून सलाम करायला लागला होता. पुण्याच्या फ्लॅटचे भाडेकरू बदलायचे होते तर म्हणाला, दोन वर्षांचा करार कर, कटकट नको. माझ्या मनात या सगळ्याची बेरीज होत होती. तोंडानं मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ‘बघू’ आलं असतं, आणि ‘बघू’ म्हणजे मराठी नवऱ्याचा नकार असतो.

ऑक्टोबरात सासूबाई आल्या, तीन महिन्यांसाठी. लातूरजवळच्या गावी त्या एकट्याच राहायच्या, सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या येणार म्हणून मी मनातून खूष होते, आणि त्या खुषीत हिशेब होता. मी मिलिंदला सारखं म्हणत होते, “आईंचं वय झालं, त्यांना तिकडं कोण आहे?” ही माझी सगळ्यात भक्कम बाजू होती. आता आई स्वतःच त्याच्यासमोर बसणार, गुडघे चोळणार, ‘कवा येतूस रं गावाकडं’ म्हणणार, आणि माझं काम फत्ते होणार, असा माझा डाव होता.

पण आई गुडघे चोळेनात. भिंतीवरच्या गरम रेडिएटरला पाठ लावून बसायच्या आणि म्हणायच्या, “माय, काय सोय हाय!” शेजारच्या मिसेस पॉवर या विधवा बाईंशी त्यांची गट्टी जमली. एकीला इंग्रजीचा गंध नाही, दुसरीला मराठीचा. तरी दुपारी दोघी तिच्या स्वयंपाकघरात तास न् तास बसायच्या. काय बोलत असतील? मी एकदा साखर मागायच्या निमित्तानं डोकावले. मिसेस पॉवर नवऱ्याचा फोटो दाखवत होत्या आणि आई आपल्या नवऱ्याबद्दल सांगत होत्या, दोघी एकाच वेळी, एकमेकींचं न ऐकता. मला बघून गप्प झाल्या. मला तेही खटकलं.

नोव्हेंबरात बोट पाण्याबाहेर काढली. डेक्लनच्या घरापुढं जागा नव्हती म्हणून ती ट्रेलरवर चढून आमच्या दारात आली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आधी टेकडी दिसायची, आता नोरीन दिसायला लागली. भांडी घासताना मी तिच्याकडे बघायची आणि ती माझ्याकडे.

मग एका रविवारी दोघांनी तिला हिवाळ्यासाठी बंद केलं. हे बंद करणं म्हणजे नुसतं ताडपत्री टाकणं नव्हे. बोटीच्या पोटात जिथं जिथं पाणी असतं तिथून ते काढायचं. टाकीतलं, पाइपांतलं, पंपातलं, शौचालयाच्या वाकड्या नळीतलं, मासे धुवायच्या रबरी होजमधलं. घोटभर पाणी राहिलं तरी ते गोठतं, फुगतं आणि पितळेची जोडणीसुद्धा फोडतं. आणि पाइपात वाकणं असतात, तिथलं पाणी कितीही उपसलं तरी निघत नाही. म्हणून मग टाकीत एक गुलाबी द्रव ओततात आणि नळ दाबत राहतात. आधी स्वच्छ पाणी येतं, मग फिकट, मग सरबतासारखं गुलाबी. गुलाबी आलं की तो नळ झाला, पुढचा घ्यायचा. तळाच्या झडपासुद्धा उघड्या ठेवायच्या, बंद केल्या तर त्यांच्या पोटात पाणी अडकतं.

मी चहा घेऊन गेले आणि केबिनच्या दाराशी उभी राहून पाहत राहिले. आमच्या प्रयोगशाळेतही थेंब थेंब टाकत गुलाबी रंगाची वाट पाहतात, आणि तो आला की प्रयोग संपतो. मुलं ‘आला, आला’ म्हणून ओरडतात. वाडग्याएवढ्या सिंकमध्ये गुलाबी धार लागली तेव्हा मिलिंदही तसाच ओरडला. इतका आनंदी मी त्याला पुण्यात कधी पाहिला होता का, असा विचार आला आणि मला त्याचा राग आला.

“हे असं किती दिवस ठेवायचं?” मी विचारलं.

“एप्रिलपर्यंत,” डेक्लन म्हणाला. मी इंग्रजीत विचारलं नव्हतं, पण त्याला बरोबर कळलं. “एप्रिलमध्ये सगळं धुवून काढायचं आणि हिला पाण्यात सोडायची.”

“विकायची असेल तरी असंच करतात का?” हे मी मुद्दाम इंग्रजीत विचारलं.

डेक्लन हसला. “हिला कोण विकतंय?”

मी मिलिंदकडे पाहिलं. तो शौचालयाच्या पंपावर वाकला होता आणि त्या पंपात बघण्यासारखं एवढं काय होतं कोण जाणे. पुढच्या मोसमासाठी त्यानं नव्या पितळी तोट्या आणून ठेवल्या होत्या, त्या पिशवीतून डोकावत होत्या. जो माणूस एखादी गोष्ट इतक्या मायेनं बंद करतो, तो ती उघडायला तिथं असणार. मला त्या क्षणी पक्कं कळलं, आणि कळूनही मी पक्कं मानलं नाही. संशयी माणसाची गंमत अशी की त्याला खात्री नको असते. खात्री झाली की काहीतरी करावं लागतं.

आईही येऊन बघून गेल्या. पाण्याच्या टाकीत रंगीत काहीतरी ओततायत म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

“पिण्याच्या पाण्यात औषध कामून टाकायलेत?”

मी समजावलं. विषारी नाही, याच्यानं पाणी गोठत नाही, आम्ही वर्गात शिकवतो.

“तू म्हणतीस तर आसंल,” आई म्हणाल्या. हा सूर मी ओळखते. मी स्वतः तो रोज वापरते.

त्यानंतर थंडी आली ती सांगून नाही आली. नोव्हेंबर संपतासंपता एका सकाळी पडदा सरकवला तर सगळा मोहल्ला पांढरा. पहिले दोन दिवस आम्ही फोटो काढले. तिसऱ्या दिवशी दाराची कडी बोटाला चिकटली. बर्फाची पायवाट झाली, पायवाटेची काच झाली, रस्त्यावर टाकायचं मीठ संपत आलं म्हणून रेडिओवर ओरड सुरू झाली. दूधवाल्याच्या बाटलीत दूध गोठून उभं राहिलं होतं. झाडांवर आवाज नाही, रस्त्यावर गाडी नाही, कुठंतरी एखादी फांदी कट्‌कन मोडायची तेवढीच. घसरून पडलेल्या माणसांनी इस्पितळ भरलं, मनगटं, खुबे, आणि मिलिंद उशिरा यायला लागला. तेही मला संशयास्पदच वाटायचं. इतकी मनगटं एका गावात असतात का?

मग मध्येच थोडे दिवस बर्फ वितळलं. गटारं खळखळली, छपरं ठिबकली. आणि गावभर फुटलेले पाइप गळायला लागले तेव्हा रेडिओवर सांगितलं की पाण्याचा दाब कमी करणार, जपून वापरा. मी सहज आईंना सांगितलं, पाणी जाणार म्हणतायत, आणि दुकानात निघून गेले.

लातूरकडच्या बाईला ‘पाणी जाणार’ हे सहज सांगायचं नसतं. दुपारी आले तर घरात पाय ठेवायला जागा नव्हती. बाथटब काठोकाठ. पातेली, कुकर, बादल्या, भाजीचे डबे, माझं केक करायचं भांडं, फुलदाणी. फुलदाणीतलं फूल तसंच, पाणी नवं. “आमच्याकडं आठ दिसाला एकदा येतंय नळाला,” आई म्हणाल्या, “भरून ठिवलं की जीव गार ऱ्हातोय.” मिलिंद घरी आला आणि बादलीत पाय घालून घसरला. आम्ही तिघंही हसलो. त्या हिवाळ्यात तिघं मिळून हसलेलं मला तेवढंच आठवतं.

नाताळच्या आधी थंडी पुन्हा फिरली आणि या वेळी खरी आली. पहिली तिच्यापुढं चाचणी परीक्षा म्हणावी. आमच्या मोहल्ल्याचे नळ कोरडे पडले. आणि मग आमच्या दाराशी रांग लागली. मिसेस पॉवर किटली घेऊन, समोरचं जोडपं बाळाच्या बाटल्या घेऊन, कोपऱ्यावरचे आजोबा कुत्र्याचं भांडं घेऊन. आई पदर खोचून बाथटबापाशी बसल्या आणि तांब्या-तांब्यानं वाटत राहिल्या. कुणी किती नेलं यावर त्यांचं बारीक लक्ष होतं. लोक त्यांना हात जोडून ‘नमस्ते’ म्हणायचे, त्या उलट ‘थँक्यू, थँक्यू’ म्हणायच्या. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि त्या इथं किती रमल्यात हे बघून धास्तीही वाटली.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी बर्फ सुटलं. डेक्लन केक घेऊन आला, दारातच थबकला. नोरीनच्या पोटाखालून पाणी ठिबकत होतं. छपराचं असेल, असं आधी वाटलं. पण तो ताडपत्री उचलून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मिलिंद गेला, मागून मी. केबिनमध्ये घोट्याएवढं पाणी होतं. सिंकचा पंप उभा चिरला होता. टाकीची शिवण उसवली होती. शौचालयाच्या पंपाचे दोन तुकडे झाले होते आणि त्यांच्यामध्ये बर्फाचा एक गोळा अजून होता, स्वच्छ, काचेसारखा. गुलाबीचा मागमूस नव्हता.

“कुणीतरी हिच्यात पाणी भरलंय,” डेक्लन म्हणाला. रागानं नाही, फक्त समजत नसल्यासारखं.

मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं.

ती नजर मी विसरणार नाही. चार महिने मी त्याच्याकडे ज्या नजरेनं बघत होते, तीच ती होती. तो मनात जुळवत होता: हिला बोट आवडत नाही, ही रसायनशास्त्र शिकवते, कुठं काय टाकलं की काय होतं हे हिच्याइतकं कुणाला कळतं? मला त्याची बेरीज स्पष्ट दिसली, कारण ती माझ्याच पद्धतीची होती.

डेक्लन केक ठेवून निघून गेला, चहासुद्धा न घेता. शहाणा माणूस. आम्ही स्वयंपाकघरात आलो.

“तू भरलंस?” मिलिंदनं विचारलं.

“तुला तसं वाटतं?”

“यार सुजाता, मी फक्त विचारतोय.”

“नाही, तू विचारत नाहीयेस. तू ठरवलंयस.”

आई गॅसपाशी उभ्या होत्या. “काय भरलं?” त्यांनी विचारलं.

“बोटीत पाणी,” मिलिंद म्हणाला.

“म्याच भरलं की,” आई म्हणाल्या, आणि दुधाखालचा गॅस बारीक केला.

मग सगळं कळलं. त्या दुपारी घरातली भांडी संपली तेव्हा त्यांना खिडकीतून बोट दिसली. एवढी मोठी टाकी, आणि रिकामी. खिडकीतून होज बाहेर सोडला, बोटीच्या कडेला असलेल्या टाकीच्या तोंडात घातला आणि टाकी भरली. पण आत ते गुलाबी औषध होतं. म्हणून आत चढल्या, या वयात, गुडघे धरत, आणि सगळे पंप दाबत बसल्या. गुलाबी जाऊन स्वच्छ पाणी येईपर्यंत. सिंकचा, शौचालयाचा, एकही सोडला नाही. एकदा धुतल्यानं समाधान होईना म्हणून टाकी उपसून परत भरली. दोघा पुरुषांनी रविवारभर खपून जे केलं होतं, ते त्यांनी तितक्याच चिकाटीनं उलटं केलं होतं. वर तळाच्या झडपा उघड्या राहिलेल्या पाहून, ‘पोरांचं ध्यान नसतंय’ म्हणत त्या घट्ट बंदही केल्या होत्या.

मिलिंद खुर्चीत बसला आणि तोंड झाकून हसायला लागला. हसता हसता त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हसू थांबलं. “सॉरी,” तो म्हणाला. मला तेव्हा ते सॉरी नको होतं, मला जूनचा विषय हवा होता.

“आई,” मी म्हटलं, “पण बोटीत कशाला? घरात एवढं होतं की.”

आई थोडा वेळ दूध ढवळत राहिल्या. मग म्हणाल्या, “मला जायचं हाय की आता, पंधरा-वीस दिसांत. गावाला निगताना भांडी रिकामी ठिवून जाऊ नाही. भरून ठिवलं की परत येणं होतंय.”

“कुणाचं परत येणं?”

“माजं,” आई म्हणाल्या. त्यांना जरा लाजल्यासारखं झालं. “मला हितं लई आवडलं बग. घरात ऊब हाय, ती पावरबाई हाय. तिकडं वाड्यावस्तीत कोन हाय बोलायला? पोरगं हितं सुखी हाय तर म्या बी येत जाईन. तुमी कामून माज्यासाठी तिकडं यायचं?”

एवढा वेळ मी ज्यांच्या खांद्यावर बंदूक ठेवून बसले होते, त्या सहज उठून बाजूला झाल्या होत्या. मला त्यांचा राग आला नाही. आपण किती दिवस त्यांच्या आडून बोलत होतो, एवढंच लख्ख दिसलं. आईंचं वय, आईंचे गुडघे, आईंचा एकटेपणा. माझं असं एक वाक्यही त्या चार महिन्यांत मी बोलले नव्हते. आम्ही नवरा-बायको एकमेकांवर पहारा ठेवून होतो आणि विचारायचं ते विचारत नव्हतो.

“मला जायचंय, मिलिंद,” मी म्हटलं. “आईंसाठी नाही. मला माझं कॉलेज पाहिजे. मला फळ्यापुढं उभं राहायचंय. मी गोळ्या विकून मरेन इथं.”

बाहेर बोटीतून पाणी ठिबकत होतं. मला वाटलं आता ‘बघू’ येणार. मी ते ऐकायची तयारीही केली होती.

“मला नाही जायचं,” तो म्हणाला.

या वाक्याला मी सप्टेंबरपासून भीत होते. प्रत्येक ‘ग्रँड’मध्ये, प्रत्येक पितळी तोटीत मी ते शोधत होते. आणि ते समोर आल्यावर सगळ्यात आधी मला काय झालं असेल तर हलकं वाटलं. आता तपास संपला होता. मग मी रडले, चांगली हुंदके देऊन, आणि तोही रडला, आणि आई आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. त्यांना वाटलं सगळं बोटीमुळे चाललंय. “आसं काय ते, दुसरी टाकी घ्या की,” त्या म्हणाल्या.

दुसरी टाकी घेतली. जानेवारीच्या रविवारी मिलिंद आणि डेक्लन केबिनमध्ये वाकून बसायचे, मीही कधी टॉर्च धरायला जायची. चिरलेला पंप काढताना, नवी नळी बसवताना आम्ही दोघं बोलायचो. वर्षातून किती दिवस तो येईल, उन्हाळ्याच्या सुट्टीत मी किती दिवस जाईन, लोकांना काय सांगायचं. बोलणं सोपं नव्हतं. एकदा मी म्हटलं, “तू शब्द दिला होतास.” तो म्हणाला, “हो, आणि मोडला.” पूर्वी तो यावर काहीतरी सारवासारव करायचा आणि मी त्या सारवणाखाली उकरत बसायची. त्या दिवशी उकरायला काही उरलं नाही, आणि मी पाना त्याच्या हातात दिला.

घर भरून ठेवायचं की रिकामं करून जायचं, यावर मी अजूनही विचार करते. आमच्याकडे तहान ठाऊक आहे, म्हणून भरलेलं भांडं म्हणजे शकुन. तिकडे गोठणं ठाऊक आहे, म्हणून परत येणारा माणूस आधी सगळं उपसून जातो. आई आणि मिलिंद, दोघांनाही एकच हवं होतं, पुन्हा तिथं यायचं होतं. त्यासाठी एकानं पाणी काढलं आणि एकीनं भरलं. मी मात्र दोघांच्याही हातांकडे बघत राहिले आणि माझ्याविरुद्ध काय कट शिजतोय ते शोधत राहिले. कट नव्हता. एक माणूस एका जागी सुखी झाला होता आणि ते मला सांगायची त्याला भीती वाटत होती, एवढंच होतं. याचा राग माझ्या मनातून पूर्ण गेलाय असं मी म्हणणार नाही.

जूनमध्ये मी पुण्याला आले. कॉलेज उघडलं त्या सकाळी प्रयोगशाळेला कुलूप होतं, शिपाई किल्ली शोधत होता, व्हरांड्यात ओल्या छत्र्यांचा वास होता. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी घेरलं. आयर्लंड कसं होतं, थंडी किती, बारीक झालीस. पूर्वीची मी असते तर यातल्या प्रत्येक चौकशीमागं काय दडलंय ते हुंगत बसले असते. आमच्या विभागप्रमुख बाईंनी चहाचा कप पुढं केला आणि तो प्रश्न विचारला, जो आता सगळं गाव विचारणार होतं.

“मग, मिस्टर कधी येतायत?”

“ते नाही येणार,” मी म्हटलं, आणि खडू घेऊन वर्गावर गेले.